चार हाफ

२०२३च्या दिवाळीनंतर माझी बहीण, तिची दोन मुलं आणि तिच्या सासूबाई असे चौघं मुंबई बघायला आले, तेव्हा गावापासून लातूरपर्यंतच्या एसटीत त्यांची मिळून चार हाफ तिकिटं निघाली. भाचा नऊ वर्षांचा, भाची सहाची, म्हणजे दोघंही पाच ते बारा या वयातले; हाफ. ताईला त्याच वर्षीच्या मार्चपासून सगळ्या बायकांना सुरू झालेली निम्म्या भाड्याची सवलत, हाफ. तिच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळेच आत्याबाई म्हणतो, अडुसष्ट वर्षांच्या, ज्येष्ठ नागरिक, हाफ. कंडक्टरनं चौघांकडे एकदा बघितलं आणि आधार कार्डं परत देत "चार हाफ" एवढंच म्हणाला. ताईनं स्टँडवरूनच मला फोन केला. "दोन माणसांच्या पैशात चौघं आलोत बघ. आख्ख्या ट्रिपमधी फुल माणूस तू एकटाच."

लातूरहून पुढे रेल्वे. तिथे हिशेब बदलला. एसटीत निम्म्या असलेल्या आत्याबाई रेल्वेत पूर्ण झाल्या, कारण ज्येष्ठांची सवलत रेल्वेनं मार्च २०२०मध्ये थांबवली ती थांबवलीच. मुलांचंही तसंच. २०१६पासून पाच ते बारा वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, बर्थ नको असेल तर निम्मं. ताईनं तीन बर्थ घेतले. धाकटीला हाफ तिकीट काढून स्वतःच्या कुशीत झोपवलं. म्हणजे रात्रभर ती स्वतः बसूनच आली असणार. हे तिनं सांगितलं नाही. ठाण्याला उतरल्यावर तिनं ज्या प्रकारे मान मोडली त्यावरून कळलं.

या सगळ्या प्रवासाचं घोषित कारण होतं, "लेकरांना मुंबई दाखवायची." आमच्याकडे हे वाक्य फार उपयोगाचं आहे. बाईनं गावाबाहेर चार दिवस जावं, यासाठी चालणारी कारणं मोजकी आहेत: दवाखाना, लग्न, देव, बाळंतपण आणि लेकरं. "मला मुंबई बघायचीय" हे बत्तीस वर्षांच्या बाईनं म्हणण्यासारखं वाक्य नाही. कुणी रागावणार नाही त्यावर, हसतील. दाजी चांगला माणूस आहे, पण त्यालाही हसू आलं असतं. तो स्वतः येऊ शकत नव्हता, हरभऱ्याची पेरणी चालली होती. मग आत्याबाई सोबत येणार असतील तर काही प्रश्न नाही, असं ठरलं. आत्याबाईंना मुंबईचं काडीचं आकर्षण नव्हतं. त्या सुनेच्या परवानगीचा भाग म्हणून आल्या होत्या, आणि हे त्यांना माहीत होतं, ताईलाही माहीत होतं, आणि त्याबद्दल दोघींपैकी कुणालाच कडवट वाटत नव्हतं. मला वाटत होतं. पण मी पाहुणचार करणारा, माझं वाटणं मी बाजूला ठेवलं.

मुंबईशी ताईचा एक जुना हिशेब होता, तो इथेच सांगून टाकतो. आमच्या शाळेची आठवीची सहल मुंबईला जायची. एसटीची लाल गाडी, दोन रात्री, शाळेच्याच ओळखीच्या कुठल्या तरी धर्मशाळेत मुक्काम. मी २००८मध्ये गेलो. तारापोरवाला मत्स्यालय, म्हातारीचा बूट, गेटवे, नेहरू तारांगण. परत येऊन मी आठवडाभर घरात तारांगणाबद्दल बोलत होतो: खुर्ची मागे कशी जाते, दिवसाची रात्र कशी होते. ताई चार वर्षांनी मोठी. तिच्या वर्षी सहल गेली होती, ती गेली नव्हती. "त्या साली पाऊस नव्हता" हे आमच्या घरातलं अधिकृत कारण आहे, आणि ते खरंही आहे. त्या वर्षांत मराठवाड्यात दुष्काळच होता. फक्त, दुष्काळ दोघांसाठी सारखा नसतो. गणितात तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क असायचे. बारावी सायन्स करून तिनं डी.एड. केलं, आणि नेमकी २०१२मध्ये राज्यात शिक्षकांची भरती बंद झाली. त्याच वर्षी लग्न झालं. आता ती संध्याकाळी ओट्यावर गल्लीतली दहा-बारा पोरं घेऊन बसते. कुणी महिन्याला पैसे देतं, कुणी भाजी देतं, कुणी काहीच देत नाही.

ते येणार ठरल्यावर मी शीट बनवली. सॉफ्टवेअरवाल्याच्या घरी पाहुणे आले की शीट बनतेच. ‘मुंबईत मुलांना दाखवण्यासारखी ठिकाणं’ असं शोधलं की ज्या याद्या येतात त्या सगळ्या एकमेकींच्या पोटातून निघालेल्या असतात. तारापोरवाला मत्स्यालय अजून प्रत्येक यादीत पहिल्या पाचात आहे, आणि ते कोविडच्या वर्षापासून बंद आहे. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय यादीत होतं, तेही तेव्हा दुरुस्तीसाठी बंद. राणीची बाग बुधवारी बंद, तारांगण सोमवारी बंद. या याद्या बनवणारा माणूस त्या ठिकाणी लहान मूल घेऊन कधी गेलेला नसतो, याची खात्री पटते. स्टेशनापासून किती चालायचं, मधे सावली आहे का, डबा खायला बसू देतात का, यातलं काहीही कुठे नसतं. मी हे सगळे कॉलम केले. मॉलमधल्या खेळघरांचे दरही एका बाजूला टाकले. तिथली गंमत अशी की मुलाचं तिकीट मोठं आणि सोबतच्या पालकाचं छोटं. एसटीच्या बरोबर उलट. तिथे मूल हे गिऱ्हाईक असतं आणि आई त्याच्या सामानासारखी आत सोडतात.

शीट ताईला पाठवली. तिचे दोन निरोप आले. पहिला: "बाथरूमचा कॉलम टाक. मी आणि आत्याबाई पाणी न पिता हिंडणार नाही." माझ्या डोक्यात तो कॉलम ‘मुलांसाठी’ असा होता. बायका प्रवासात पाणी पीत नाहीत हे मी आयुष्यभर बघत आलोय, आईला, मावशीला, हिला. त्यामागे ताप येईपर्यंत अंगावर काढलेली दुपार असते. कॉलम टाकला, आणि मग चार ठिकाणं आपोआप कटली.

दुसरा निरोप: "तारांगण आहे ना यात?"

होतं. रविवारी दुपारी, मराठी शो. भाच्यासाठी मुद्दाम घेतलं होतं, कारण २३ ऑगस्टला चांद्रयान-३ उतरलं तेव्हापासून तो वहीच्या मागच्या पानावर विक्रम लँडर काढत होता. ताईनं ते उतरणं मोबाइलवर बघितलं होतं, पूर्ण, आणि त्या संध्याकाळी ओट्यावरच्या पोरांना एका हातात टॉर्च आणि एका हातात मोसंबं घेऊन चंद्राचा दक्षिण ध्रुव समजावला होता. ही गोष्ट मला भाच्यानं सांगितली.

ते आले तो शुक्रवार, १७ नोव्हेंबर. मी खारघरला राहतो, आणि नेमकी त्याच दिवशी दुपारी नवी मुंबई मेट्रो सुरू झाली. २०११मध्ये काम सुरू झालेली मेट्रो. आमच्या सोसायटीतले लोक तिचे खांब म्हणजे डोंगरासारखी निसर्गातली गोष्ट आहे असं समजून जगत होते. कसला समारंभ नाही, फीत नाही, एकदम गाड्या धावायलाच लागल्या. ती शीटमध्ये नव्हती. संध्याकाळी आम्ही चक्कर मारली: बेलापूर ते पेंधर, अकरा स्टेशनं, जास्तीत जास्त चाळीस रुपये. डब्यात निम्मी खारघर मुलं घेऊन आली होती, सगळे व्हिडिओ काढत होते. माझी भाची आणि शेजारच्या टॉवरमधली एक मुलगी एकाच खिडकीला नाक लावून उभ्या होत्या, आणि त्या घडीला त्यातली मुंबईची कोण आणि गावची कोण हे सांगता आलं नसतं. दोघींनाही ते नवीनच होतं. आत्याबाईंनी मात्र सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला साफ नकार दिला. आम्ही लिफ्टनं गेलो, प्रत्येक वेळी, आणि लिफ्ट कुठे आहे हा पुढचे तीन दिवस माझ्या शीटमधला न लिहिलेला कॉलम राहिला.

शनिवारी राणीची बाग. आत्याबाई गुडघ्यांमुळे घरी थांबल्या. लोकलमध्ये ताई आणि मुलं लेडीज डब्यात, मी शेजारच्या जनरलमध्ये. म्हणजे गाइड एका डब्यात आणि पर्यटक दुसऱ्यात. कुर्ल्याला गाडी बदलायची, कुठल्या बाजूला उतरायचं, हे सगळं मी फोनवर ओरडून सांगत होतो, आणि ताई म्हणत होती, "माहितीय, सांगितलंय मला." डब्यातल्या बायकांनी तिचा ताबा घेतला होता. कुर्ल्याच्या प्लॅटफॉर्मवर भेटलो तेव्हा तिला चौथी सीट म्हणजे काय हे कळलेलं होतं, तिघांच्या बाकड्यावर चौथीनं टेकायचं कसं तेही. कुठल्या स्टेशनातलं बाथरूम बरं आहे हे कळलेलं होतं. भाचीच्या केसांत दहा रुपयांच्या दोन नव्या पिना होत्या. एका बाईनं तिला म्हणे सांगितलं होतं की पेंग्विन बघायला आधी जा, अकरानंतर रांग लागते. हे माझ्याही शीटमध्ये होतं. पण त्या बाईनं सांगितल्यामुळे ते तिला पटलेलं होतं.

भायखळ्याचं स्टेशन देशातल्या सर्वांत जुन्या स्टेशनांपैकी. त्याची इमारत अलीकडे मूळ रूपात आणली आणि तिला २०२२मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. मी हे सांगितलं, कुणी ऐकलं नाही. बागेच्या खिडकीपाशी आलो. २०१७पर्यंत इथे मोठ्यांना पाच आणि मुलांना दोन रुपये होते. पेंग्विन आल्यावर दर वाढले, मोठ्यांना पन्नास, मुलांना पंचवीस. आणि एक फॅमिली तिकीट आहे, शंभर रुपये: आई, वडील आणि पंधरा वर्षांपर्यंतची दोन मुलं. ताईनं फलक वाचला. तिला हिशेबाला वेळ लागत नाही.

"आपले दीडशे होतेत. शंभरात झालं असतं." मग थोडं थांबून, "भाऊ-बहीण फॅमिली नसती का रे?"

"फलकावर नाही."

"फलकावर नसंल," ती म्हणाली, आणि पर्समधून दीडशे रुपये काढून खिडकीत सरकवले. माझा हात खिशातच राहिला. आदल्या बुधवारी भाऊबीज झाली होती. सुट्टी न मिळाल्यामुळे मी ओवाळणी ऑनलाइन पाठवली होती. ते तेच पैसे आहेत, असं तिनं नंतर हत्तीच्या पिंजऱ्यासमोर सांगितलं. पिंजऱ्यात हत्ती नव्हता.

राणीच्या बागेबद्दल माझं मत चांगलं आहे, आणि ते पेंग्विनांमुळे नाही. १८६०च्या दशकापासूनची ही बाग मुळात झाडांसाठी बनलेली आहे, प्राणी नंतर आले. आत शिरल्यावर पाच मिनिटांत हवा बदलते. गोरखचिंचेचे बुंधे आहेत, चौघांनी हात धरले तरी कवेत न येणारे. आमच्यासारख्या उन्हातल्या भागातून आलेल्या माणसाला एवढी जुनी सावली एका जागी बघायला मिळत नाही. आणि बसायला जागा आहे. मुलांच्या ठिकाणांचा विचार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं की मूल दर वीस मिनिटांनी बसतं आणि आई दिवसातून एकदाच.

पेंग्विन मात्र भाच्याला पटले नाहीत. "बर्फ कुटंय?" काचेमागे खडक आणि पाणी होतं. हे हम्बोल्ट पेंग्विन, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, पेरू आणि चिलीचे. बर्फाशी यांचा संबंध नाही. २०१६मध्ये दक्षिण कोरियातून आठ आणले, त्यातला एक काही महिन्यांतच गेला, तेव्हा शहरात बराच आरडाओरडा झाला होता. नंतर इथे पिल्लंही झाली. सोळा-सतरा अंशांच्या आसपासची गार हवा त्यांना लागते. ताईनं लगेच विचारलं की लाइट गेली तर? भारनियमनाच्या गावातून आलेल्या बाईचा पहिला प्रश्न तोच असणार. जनरेटर असतो, मी म्हणालो. ती काचेजवळ बराच वेळ उभी होती. "एवढ्या लांबून आणलंय म्हणल्यावर जनरेटर असणारच," ती म्हणाली. यात टोमणा होता का ते मला ओळखता आलं नाही.

वाघांपाशी मात्र सगळे खूश. शक्ती आणि करिश्मा ही जोडी २०२०च्या फेब्रुवारीत औरंगाबादच्या, म्हणजे आता संभाजीनगरच्या, सिद्धार्थ उद्यानातून आणलेली. हे कळल्यावर भाच्यानं काचेसमोरच्या गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "आपल्याकडचा हाय हा." वाघ झोपलेला होता. मराठवाड्यातून मुंबईत आलेल्या कुणालाही शनिवारी दुपारी झोपायचा हक्क आहे, मी काही बोललो नाही.

बाहेर पडताना घारापुरीच्या दगडी हत्तीची गोष्ट सांगितली. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव ज्याच्यावरून दिलं तो हत्ती. इंग्रजांनी १८६४मध्ये तो उचलून न्यायचा प्रयत्न केला, साखळी तुटली, हत्तीचे तुकडे झाले. ते इथे आणून ठेवले आणि १९१४मध्ये जोडून उभा केला. भाचीला हे फार आवडलं. तुटलेला हत्ती जोडतात ही गोष्ट तिनं पुढे दोन दिवस भेटेल त्याला सांगितली, वॉचमनलासुद्धा.

आता रविवार. १९ नोव्हेंबर २०२३ म्हटल्यावर क्रिकेट बघणाऱ्या माणसाला काही सांगावं लागणार नाही. अहमदाबादला वर्ल्ड कपची फायनल, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया, दुपारी दोनला सुरू. आणि माझ्या शीटमध्ये त्याच दुपारी तारांगण. शीट केली तेव्हा भारत फायनलला असेल हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि बाकी दिवसांचं वेळापत्रक आधीच गच्च होतं. सोमवारी तारांगण बंद, सोमवारी रात्री त्यांची परतीची गाडी. भाच्यानं सकाळी निळा टी-शर्ट घातला आणि टीव्हीसमोर पाय पसरले. "मी न्हाई येत कुटंच."

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. माझा फ्लॅटमेटही घरीच थांबणार होता. आत्याबाई म्हणाल्या, मग राहू द्या, सगळेच बसू घरी, पोहे करते. मी ताईकडे बघितलं. ती गॅससमोर उभी होती, तिनं मागे वळून बघितलं नाही.

"मी जाऊन येते की," ती म्हणाली. "तिकडं एकदा बघून येते."

आत्याबाईंना खरोखरच नवल वाटलं. आवाजात राग नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. "लेकरू न्हाई तर तू तिथं काय करतीस बाई?"

यावर उत्तर नसतं. म्हणजे असतं, पण ते द्यायला जी भाषा लागते ती आमच्या घरांमध्ये बनलेलीच नाही. सासऱ्याला देवदर्शनाला जायचं असतं, नवऱ्याला मार्केट यार्डात, दिराला मित्राच्या गावी. तिथे जाऊन ते काय करतात हे कुणी विचारत नाही. पाच-सात सेकंद गेले असतील. मग ताई वळली आणि भाचीला म्हणाली, "तुला बघायच्यात ना चांदण्या?" भाची फरशीवर हत्तीचं चित्र काढत होती. ती म्हणाली, "हो." कशाला हो म्हणतोय हे तिला कळलंही नसेल.

"धाकटीला बघायचंय," ताईनं आत्याबाईंना सांगितलं. मग कसलाच प्रश्न उरला नाही. आत्याबाईंनी नातीची वेणी घालून दिली.

दादरला उतरलो तर शहर रिकामं. मी सहा वर्षं इथे आहे, लॉकडाउन सोडला तर अशी दुपार बघितलेली नाही. पहिलीच टॅक्सी थांबली. ड्रायव्हरनं मोबाइल मीटरशेजारी टेकवून कॉमेंट्री लावली होती आणि वरळीपर्यंत तो आमच्याशी एक शब्द बोलला नाही. तारांगणाचा घुमट दिसल्यावर ताईनं पदर नीट केला, एखाद्या घरी जाताना करतात तसा. १९७७पासूनची ही जागा. इथे हिंदी, मराठी, इंग्रजी असे वेगवेगळे शो असतात. एरवी रविवारी शाळांच्या आणि सोसायट्यांच्या झुंडी असतात म्हणे. आज मोजकी माणसं होती: एक आजोबा आणि नातू, दोन कॉलेजची मुलं, एक जोडपं, काही कुटुंबं. रांगेत उभं असताना भाचीनं विचारलं, चंद्रावर मी किती किलो? पृथ्वीच्या सहावा हिस्सा, मी म्हणालो. "अठरा किलोची आहेस, म्हणजे तीन," ताई म्हणाली. मंगळावर? शून्य पूर्णांक अडतीस पट, मी मोबाइलवर शोधायला लागलो. "सातच्या जरा खाली," तोवर तिचं झालेलं होतं.

आत खुर्च्या मागे जातात तशा गेल्या. पांढऱ्या घुमटावर संध्याकाळ झाली, सूर्य बुडाला, आणि आधी चारच चांदण्या दिसल्या. शहरातून एवढंच दिसतं, असं निवेदनात आलं, दिव्यांचा उजेड आणि धूर. मग तो उजेड हळूहळू काढून घेतला आणि सगळं आभाळ एकदम वर आलं. सभागृहात आवाज झाला, होतोच. ताई माझ्या कानाशी म्हणाली, "हे तर आमच्याकडं रोज दिसतंय."

खरं होतं. ज्या आभाळासाठी तिनं एक दुष्काळ आणि वीस वर्षं वाट बघितली, ते तिच्या गच्चीवर फुकट होतं. मला वाटलं ती निराश झाली. पण ती पुढे सरकून बसली होती. खुर्ची मागे झुकलेली आणि ही ताठ, मान वर करून. तिला आभाळ बघायचंच नव्हतं. तिला ते कुणीतरी समजावून सांगताना ऐकायचं होतं. पूर्वेला तेजस्वी दिसतोय तो गुरू, दक्षिणेकडे शनी. त्या नोव्हेंबरात दोन्ही संध्याकाळी दिसत होते. इंग्रजी डब्ल्यूसारखी शर्मिष्ठा, तिच्यावरून ध्रुव कसा काढायचा. या दिवसांत सप्तर्षी संध्याकाळी क्षितिजाखाली असतात, म्हणून शर्मिष्ठेचा आधार. बाण दाखवणारा ठिपका जिथे जिथे गेला तिथे तिची मान गेली. तिच्या मांडीवर वही असती तर तिनं लिहून घेतलं असतं.

भाची दहाव्या मिनिटाला झोपली. पूर्ण शो ती माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपलेली होती, तोंड थोडं उघडं, केसांत लोकलमधली पिन. ती जागी होऊ नये म्हणून मी हात हलवला नाही. हाताला मुंग्या आल्या.

बाहेर आल्यावर ताईनं एकच प्रश्न विचारला. ध्रुव एवढा खाली का? पुस्तकात तर तो वर असतो, मधोमध. हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता, आणि उत्तर मला येत होतं, याचा फार आनंद झाला. ध्रुव क्षितिजापासून किती वर दिसतो, तर आपण विषुववृत्तापासून जितके अंश उत्तरेला तितका. मुंबई साधारण एकोणीस अंशांवर, लातूर साडेअठराच्या आतबाहेर. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती आभाळात दहाएक अंश झाकते. म्हणजे क्षितिजावर दोन मुठी ठेव, वरच्या मुठीच्या माथ्याशी ध्रुव. उत्तर ध्रुवावर उभी राहिलीस तर तो बरोबर डोक्यावर. ताईनं तिथे फुटपाथवर हात लांब केला आणि एका मुठीवर दुसरी मूठ ठेवून बघितली. समोर भर उन्हातली, गाड्या नसलेली वरळी. जाणाऱ्या एकानं वळून बघितलं. त्याच्या कानात इअरफोन होता आणि चेहरा पडलेला. भारताची विकेट गेली असावी.

घरी पोहोचेपर्यंत आपले २४० झाले होते, आणि पुढे ट्रॅव्हिस हेडनं १३७ काढून भाच्याचं जे केलं ते मी लिहीत नाही. तो टी-शर्टमध्ये तोंड घालून रडला. आत्याबाई दिवसभर धोनी कधी येणार म्हणून विचारत होत्या, असं फ्लॅटमेटनं सांगितलं. जेवताना ताईनं तारांगणातलं आत्याबाईंना सगळं सांगितलं, सप्तर्षी आता पहाटे दिसतात तेही. आत्याबाई म्हणाल्या, "ते काय सांगतीस मला. म्हातारीची बाज हाय ती. चार बाजंचे खूर आन् तीन चोर. सुगीला आम्ही त्येच्यावरच उठायचो." मग त्यांनी भाकरी मोडता मोडता कुठल्या महिन्यात बाज कुठल्या बाजूला असते ते हातानं दाखवलं. ताईनं घास तसाच ठेवून वही शोधली. माझ्या शीटच्या प्रिंटआउटच्या मागे तिनं ते लिहून घेतलं.

सोमवारचं थोडक्यात. सीएसएमटीहून नरिमन पॉइंटला जाणारी नवी इलेक्ट्रिक डबलडेकर, वरच्या मजल्यावर पहिली सीट, सहा रुपये. जुन्या लाल डबलडेकर दोनच महिन्यांपूर्वी, १५ सप्टेंबरला, कायमच्या बंद झाल्या होत्या. मुंबईकर अजून दुःखात होते, आमच्या मुलांना एसी आवडला. गेटवेला फोटो. म्हातारीचा बूट राहून गेला आणि कुणालाही वाईट वाटलं नाही.

पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला, रात्री नऊला, गच्चीवरून. मागे पोरांचा कालवा. दोन मुठी बरोबर भरतात, फक्त प्रत्येक पोराची मूठ लहान आणि हातही लहान, तरी सगळ्यांचं उत्तर जवळजवळ सारखंच येतंय, ते कसं? मी सांगितलं, हात लहान तशी मूठ लहान, गुणोत्तर तेच राहतं. "हां, समरूप त्रिकोण," ती म्हणाली, आणि फोन तसाच चालू ठेवून पोरांना समजावायला लागली. मी ऐकत राहिलो.

मग तिनं मूळ काम सांगितलं. गल्लीतल्या पोरांना मुंबईला न्यायचंय, मेच्या सुट्टीत नाही, उन्हाचं नको, पुढच्या दिवाळीनंतर. तारांगण आणि वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, दोन्ही जवळ आहेत ना? शाळेच्या नावानं गेलं तर सवलत असते का? शाळेच्या सहलीला एसटी काय भाव देते? ती स्वतः कुठल्याच शाळेची शिक्षिका नाही, तर पत्रावर सही कुणाची चालंल? मी नवीन शीट उघडली. बारा मुलं, त्यांतल्या सात मुली. मोठे किती, मी विचारलं.

"मी एकटी. आन् आत्याबाई म्हणतायत त्यांनाबी यायचंय."

जिल्हा परिषद शाळेच्या हेडमास्तरांना ती दोनदा भेटून आली आहे. सही अजून झालेली नाही.